बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीची लागवड: तारीख कशी ठरते

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरीच्या लागवडीचे जे वेळापत्रक रूढ आहे ते महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर, तेथील हवेत घडलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० ते १,३५० मीटर उंचीवरच्या या पठारावर इंग्रजांच्या काळात हे फळ आले, आज देशातील स्ट्रॉबेरीच्या उत्पादनाचा फार मोठा वाटा तेथून येतो आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे पाऊस ओसरू लागला की सप्टेंबरात रोपे लावायची आणि नोव्हेंबरात पहिला तोडा घ्यायचा, हा तेथील शिरस्ता राज्यभर नियमासारखा मानला जातो. नीरा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ढोबळी मिरची, काकडी, फुले यांच्यासाठी उभारलेली शेडनेटगृहे आणि पॉलिहाऊस आता नवलाईची राहिलेली नाहीत, आणि त्यांपैकी एखाद्यात स्ट्रॉबेरी घेण्याचा विचार करणारा उत्पादक साहजिकच महाबळेश्वरची तारीख प्रथम हाताशी धरतो. परंतु ही तारीख आठशे मीटर खाली उतरवताना तिच्यात काही दिवसांची भर घालणे पुरेसे होत नाही, कारण त्या तारखेमागची कारणेच येथे बदलतात. पठारावर लागवडीची वेळ पाऊस ठरवतो. मैदानावर ती प्रामुख्याने मार्चचे ऊन ठरवते.

हे समजण्यासाठी झाडाची रचना आणि त्याची सवय आधी पाहावी लागते. स्ट्रॉबेरीच्या रोपाला उंच खोड नसते; पानांच्या बुडाशी बोटभर लांबीचे एक जाड, आखूड खोड असते, त्याला क्राऊन म्हणतात, आणि पाने, मुळे, फुलांचे घोस व जमिनीवर सरपटणारे धावते फुटवे हे सारे त्यातूनच निघतात. या धावत्या फुटव्यांना उत्पादक रनर म्हणतात आणि नवी रोपे त्यांच्या टोकांपासूनच मिळतात. क्राऊनवरचा एखादा डोळा रनर होणार, नवा क्राऊन होणार की फुलाचा घोस होणार, हे झाड हवेवरून ठरवते. वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखतात, ही गोष्ट अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून १९२० साली मांडली आणि या गुणधर्माला दीप्तिकालिता हे नाव रूढ झाले. व्यापारी स्ट्रॉबेरीच्या बहुतेक जाती या अर्थाने लघुदिनी आहेत, म्हणजे दिवस लहान होऊ लागल्यावर त्या फुलाची कळी धरतात आणि दिवस मोठा असताना रनर सोडतात. मात्र या नियमावर तापमानाचा अंमल चालतो. हवा १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर दिवस लहान असो वा मोठा, झाड कळी धरते. साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यान त्याला तेरा-चौदा तासांहून लहान दिवस लागतो. आणि तापमान सतत २५ ते २८ अंशांच्या वर राहिले तर दिवस लहान असूनही कळी धरण्याची क्रिया मंदावते किंवा थांबते.

बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावे उत्तर अक्षांश १८ अंशांच्या किंचित वर आहेत. तेथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. हॉलंडमध्ये हाच फरक जवळजवळ नऊ तासांचा असल्यामुळे तेथील ग्रंथांत दिवसाच्या लांबीची चर्चा पानेच्या पाने चालते, परंतु आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यास दिवस पावणेबारा तासांवर आलेला असतो आणि प्रकाशाच्या बाजूने झाडाची काहीच अडचण उरलेली नसते. येथील झाड थांबलेले असते ते रात्र गार होण्यासाठी. म्हणून परदेशी पुस्तिकांतील दिवसमानाचे तक्ते बारामतीच्या उत्पादकाला फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यापेक्षा शेडनेटमध्ये टांगलेला कमाल-किमान तापमापी त्याला अधिक खरे सांगतो.

आता या पट्ट्यातील हवेचे वर्ष पाहू. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असलेला हा अवर्षणप्रवण भाग आहे. वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या पावसाच्या जेमतेम दहावा हिस्सा, आणि त्यातलाही मोठा भाग जून-जुलैत न पडता सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर पडतो. उंची वाढली की हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने पठार आणि मैदान यांच्यात पाच-साडेपाच अंशांचा फरक निव्वळ उंचीचा आहे, आणि पावसाळ्यात पठारावर सतत असणाऱ्या ढग-धुक्यामुळे दिवसाच्या तापमानातील फरक याहून बराच मोठा होतो. सप्टेंबरात महाबळेश्वरची दुपार वीस-एकवीस अंशांवर असते, तेव्हा बारामतीची दुपार तीस-एकतीस अंशांवर आणि रात्र एकवीसच्या आसपास असते. पाऊस उघडला की ऑक्टोबरचा उन्हाचा चटका लागतो, दुपार ३२-३३ अंशांवर जाते. मात्र आकाश निरभ्र झाल्यामुळे रात्री झपाट्याने उतरू लागतात, नोव्हेंबरात त्या पंधरा-सोळा अंशांवर येतात, डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा अंशांवर स्थिरावतात आणि थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली जातात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपार पुन्हा तिशी ओलांडते, मार्चमध्ये ती ३५-३६ अंशांवर आणि एप्रिलमध्ये चाळिशीच्या जवळ पोहोचते.

या आकड्यांतून हंगामाची मागची भिंत दिसते. तापमान ३० अंशांच्या वर गेल्यावर स्ट्रॉबेरीच्या परागकणांची उगवणक्षमता घटू लागते, फळ लहान व मऊ होते, ते लवकर पिकते पण साखर भरत नाही. ३५ अंशांच्या पुढे व्यापारी प्रतीचे फळ मिळत नाही. याचा अर्थ मैदानावर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचे तोडे हिशेबात धरता येत नाहीत. महाबळेश्वरला एप्रिल आणि बऱ्याचदा मेपर्यंत तोडा चालतो, ती सवलत येथे नाही. त्यामुळे येथील लागवडीची तारीख पुढे मोजत जाण्याऐवजी शेवटच्या तोड्यापासून मागे मोजत यावी लागते.

हा प्रकार या भागातील शेतकऱ्याला नवा नाही. डाळिंबाचा मृग, हस्त किंवा आंबे बहार धरताना पाणी कधी तोडायचे आणि ताण कधी सोडायचा हे तो फळ बाजारात कधी हवे यावरून ठरवतो. इंदापूरच्या बोरी परिसरातील द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीची तारीख मण्यांत पाणी भरण्याचा आणि काढणीचा काळ पाहूनच निश्चित करतात. स्ट्रॉबेरीत फरक एवढाच, की येथे झाड वर्षानुवर्षे रानात उभे नसते, दरवर्षी रोप नव्याने लावायचे असते, आणि म्हणून छाटणीच्या कात्रीचे काम लागवडीच्या तारखेला करावे लागते.

मोजणी अशी होते. शेवटचा तोडा १० मार्चच्या सुमारास धरला आणि रोपे, मल्चिंग, ठिबक व मजुरी यांचा खर्च भरून निघण्यासाठी निदान अकरा-बारा आठवडे तोडा चालावा असे मानले, तर पहिला तोडा १५ ते २० डिसेंबरच्या दरम्यान यायला हवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या हवेत फूल उमलल्यापासून फळ लाल होईपर्यंत साधारण तीस ते पस्तीस दिवस लागतात, म्हणजे पहिली फुले नोव्हेंबरच्या मध्यास हवीत. ट्रेमध्ये मुळ्या धरलेले, गोळ्यासकट लावलेले सुदृढ रोप लागवडीनंतर तीस ते चाळीस दिवसांत फुलावर येते. यावरून लागवडीची तारीख ऑक्टोबरच्या ८ ते १५ च्या दरम्यान, म्हणजे हस्ताच्या अखेरीस आणि चित्रा लागताना येते. मुळे उघडी असलेली, मातीविना आणलेली रोपे लावायची असतील तर ती सावरायला आठ-दहा दिवस अधिक घेतात आणि तेवढी तारीख आणखी मागे सरकवावी लागते.

ही तारीख हुकली तर काय होते, हा प्रश्न तारखेपेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण चुकीचे दोन्ही प्रकार सारखे महाग नाहीत. समजा रोपे ५ नोव्हेंबरला लागली. उशीर साडेतीन आठवड्यांचा दिसतो, परंतु फुलाकडे जाणारा सारा काळ वाढत्या थंडीत येतो; पहिली फुले डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उमलतात, दहा-बारा अंशांच्या रात्रींत फळ पक्व व्हायला चाळीस दिवस लागतात आणि पहिला तोडा जानेवारीच्या अखेरीस येतो. मार्चची भिंत मात्र जागची हललेली नसते. अशा रीतीने लागवडीतला साडेतीन आठवड्यांचा उशीर काढणीतले सहा आठवडे खातो, आणि त्याबरोबर डिसेंबर अखेरचा, नाताळ व नववर्षाचा चढा भावही जातो. शिवाय थंडीपूर्वी झाडाला पुरेशी पाने आणि दोन-तीन क्राऊन तयार करता आलेले नसल्यामुळे फेब्रुवारीतला दुसरा बहरही हलका येतो, कारण प्रत्येक नवा क्राऊन म्हणजे फुलांच्या घोसाची एक नवी जागा असते.

उलट रोपे ५ सप्टेंबरला लावली तर पाच आठवडे आधी लावल्याने काढणी पाच आठवडे आधी सुरू होत नाही. एकवीस अंशांच्या रात्री आणि तिशीच्या दुपारी झाड कळी धरायला नाखूश असते. ते पाने वाढवते, रनर सोडते, आणि ते रनर खुडण्यावर मजुरी खर्च होते. थंड हवेच्या रोपवाटिकेतून आलेल्या रोपात आधीच धरलेली कळी असेल तर दोन-चार फुले लवकर दिसतात, परंतु मुळे न बसलेल्या रोपाला ती फुले जड जातात आणि जाणते उत्पादक ती काढून टाकतात. उबदार दमट हवेत क्राऊन कुजवणारा करपा आणि मूळकूज हे रोग याच काळात जोर धरतात. एवढे सोसून काढणी फार तर एक-दोन आठवड्यांनी पुढे येते. थोडक्यात, लवकर लावण्याने मिळणारे थोडे आणि उशिरा लावण्याने जाणारे फार, असा हा विषम सौदा आहे. त्यामुळे ८ ते १५ ऑक्टोबर या खिडकीत अलीकडच्या कडेला राहणे पलीकडच्या कडेपेक्षा शहाणपणाचे ठरते.

अडचण अशी, की ही खिडकी नेमकी परतीच्या पावसावर उघडते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे इंदापूर, बारामती आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली तिच्यात ओढे-नाले पात्र सोडून शेतांत शिरले. अशा आठवड्यात उघड्यावर लावलेली स्ट्रॉबेरी टिकत नाही. इतका पाऊस अपवादाचा मानला तरी काळ्या, खोल रानाला साध्या चांगल्या पावसानंतरही वाफसा यायला, म्हणजे मातीतला जादा ओलावा निघून ती काम करण्याजोगी व्हायला, आठ-दहा दिवस लागतात, आणि बेड तयार नसताना ऑक्टोबरचा दुसरा आठवडा निघून जातो. येथेच आच्छादनाचे खरे काम सुरू होते.

थंड देशांतील उत्पादक आच्छादन वापरतो ते ऊब विकत घेण्यासाठी. हॉलंड-बेल्जियमच्या काचगृहांत शून्याच्या थोडे खाली साठवलेली, आत कळी तयार असलेली रोपे हव्या त्या आठवड्यात बाहेर काढून लावतात आणि सुमारे दोन महिन्यांत फळ घेतात. तेथे ऋतू जणू शीतगृहात ठेवलेला असतो. स्पेनच्या वेल्वा प्रांतात ऑक्टोबरात लावलेल्या झाडांवर प्लास्टिकचे मोठे टनेल चढवून जानेवारीपासून तोडा मिळवतात. बारामतीच्या उत्पादकाला यांपेक्षा अमेरिकेतील फ्लोरिडाचे उदाहरण अधिक जवळचे आहे: तेथेही सौम्य हिवाळा हाच हंगाम, लागवड सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, आणि वसंतातली उष्णता वाढली की पीक संपते. फ्लोरिडा विद्यापीठाने १९९२ साली प्रसारित केलेली स्वीट चार्ली आणि त्याच विद्यापीठाची विंटर डॉन या दोन्ही जाती महाराष्ट्रात रुळल्या, यामागे हे हवामानाचे नाते आहे. या जातींना थंडीची भूक कमी असते आणि त्या लवकर फळावर येतात. कॅलिफोर्नियाची कामारोझा फळाला टणक आणि वाहतुकीला चांगली, पण ती उशिराची. मार्चमध्ये हंगाम संपणाऱ्या रानात सारे क्षेत्र तिच्यावर सोपवणे धोक्याचे आहे.

दिवसमानाची पर्वा न करणाऱ्या, दिननिरपेक्ष म्हणवल्या जाणाऱ्या जातींचा मोह या टप्प्यावर अनेकांना होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉइस ब्रिंगहर्स्ट यांनी अमेरिकेच्या युटा राज्यातील वॉसॅच डोंगरांतून आणलेल्या रानटी स्ट्रॉबेरीपासून हा गुण व्यापारी जातींत उतरवला, आणि समशीतोष्ण प्रदेशात त्यामुळे उन्हाळाभर फळ मिळू लागले. परंतु या जाती दिवसाच्या लांबीकडे दुर्लक्ष करतात, उष्णतेकडे नाही. ज्या पट्ट्यात दिवसमान हा अडसर मुळातच नाही, तेथे त्या विशेष काही देऊ शकत नाहीत.

आपल्याकडे आच्छादनाचे तीन प्रकार व्यवहारात आहेत आणि तिन्हींचा लागवडीच्या तारखेशी संबंध वेगवेगळा आहे. लो टनेल म्हणजे बेडवर तारेच्या किंवा पाइपच्या कमानी रोवून त्यांवर ओढलेले पातळ प्लास्टिक. ऑक्टोबरात ते पावसाच्या सरीपुरते ओढायचे आणि सर थांबताच गुंडाळायचे असते, कारण ऑक्टोबरच्या उन्हात बंद टनेलमधील हवा काही मिनिटांत रोप होरपळेल इतकी तापते. डिसेंबर-जानेवारीत त्याचे काम बदलते: सूर्यास्तापूर्वी झाकले आणि सकाळी उघडले तर रात्रीचे तापमान दोन-तीन अंश वर राहते, पानांवर दव पडत नाही आणि त्यामुळे फळावर येणारी करडी बुरशी आटोक्यात राहते. खर्चाच्या मानाने हे साधन सर्वांत उपयोगी, पण ते रोज उघडझाक करणारा माणूस मागते.

शेडनेटगृह पाऊस अडवत नाही, ऊन अडवते. लागवडीनंतरच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, रोज दोन-तीनदा फॉगर किंवा तुषार चालवून रोपे सावरत असताना, ३५ ते ५० टक्के सावली मोलाची ठरते आणि आठवडाभर आधी लागवड करण्याचे धाडस तिच्या बळावर करता येते. मात्र हीच सावली नोव्हेंबरनंतर तशीच ठेवली तर लहान दिवसांतला आधीच कमी असलेला प्रकाश निम्म्यावर येतो, झाड लांब देठांचे व पानाळ होते आणि फळात साखर भरत नाही. ढोबळी मिरचीसाठी कायमस्वरूपी ताणलेल्या जाळीखाली स्ट्रॉबेरी फिकी आणि आंबट आल्याची तक्रार ऐकू येते तेव्हा दोष बहुधा जातीचा नसतो. गुंडाळता येणारी जाळी नसेल तर शेडनेटगृहात स्ट्रॉबेरी न लावणे बरे.

पॉलिहाऊसचा हिशेब सर्वांत गुंतागुंतीचा आहे. ते पाऊस पूर्णपणे अडवते, त्यामुळे बेड सप्टेंबरातच तयार ठेवून लागवडीची तारीख पावसापासून सोडवून घेता येते, आणि हा त्याचा एकमेव निर्विवाद लाभ आहे. परंतु नैसर्गिक वायुविजनाच्या पॉलिहाऊसमध्ये दुपारी बाहेरपेक्षा तीन ते पाच अंश अधिक तापते. ऑक्टोबरात त्यामुळे कळी धरण्यास उशीर होतो आणि फेब्रुवारीत मार्चची भिंत तीन आठवडे अलीकडे सरकते. म्हणजे जे आच्छादन युरोपात हंगाम लांबवते तेच बारामतीत तो दोन्ही टोकांनी आखडते. बाजूचे पडदे पूर्ण वर, छताच्या खिडक्या उघड्या, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून छतावर चुन्याचा हात किंवा वरून जाळी, एवढी व्यवस्था केली तरच पॉलिहाऊस उघड्या रानाच्या बरोबरीला येते. ज्याच्याकडे पॉलिहाऊस आधीच उभे आहे त्याने ते वापरावे. केवळ स्ट्रॉबेरीसाठी ते नव्याने उभारण्याचे समर्थन या हवामानात करता येत नाही.

तारीख पाळणे शेवटी रोपे वेळेवर मिळण्यावर अवलंबून असते. राज्यातील रोपांची साखळी जूनच्या सुमारास परदेशातून येणाऱ्या मातृरोपांपासून सुरू होते. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई परिसरातील रोपवाटिकांत ती वाढवून त्यांच्या रनरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवडीची रोपे तयार होतात. बारामतीत मातृरोपे एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत जगवून स्वतःची रोपे करणे खर्चाचे आणि बेभरवशाचे आहे, त्यामुळे मैदानी उत्पादक पठारावर अवलंबून राहतो. एकरी बावीस-चोवीस हजार रोपे लागतात. ती ८ ऑक्टोबरला बांधावर हवी असतील तर रनरची टोके सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोकोपीटच्या ट्रेमध्ये बसलेली असली पाहिजेत, कारण मुळांचा गोळा धरायला चार-पाच आठवडे जातात, आणि तशी मागणी उन्हाळ्यातच नोंदवलेली असली पाहिजे. थंड हवेतील रोपवाटिकेत शेवटचे काही आठवडे वाढलेले रोप कळी घेऊनच मैदानात उतरते, हा तिच्यावरच्या अवलंबित्वाचा दडलेला फायदा आहे. रोपे संध्याकाळच्या वेळी लावावीत, क्राऊनचा मध्य मातीच्या पातळीवर राहील हे पाहावे, कारण तो गाडला गेला तर कुजतो आणि उघडा पडला तर सुकतो; लागलीच आंबवणी द्यावी आणि मेलेल्या रोपांच्या नांग्या आठ दिवसांच्या आत भरून घ्याव्यात. पंधरा दिवसांनी भरलेल्या नांग्या वर सांगितलेल्या उशिराच्या गणितात अडकतात.

फुलांची वेळ ठरली की मधमाश्यांचीही वेळ ठरते. स्ट्रॉबेरीच्या लाल गरावर दिसणारे बारीक दाणे ही तिची खरी फळे असून प्रत्येक दाण्याचे परागीभवन झाले तरच त्याच्याभोवतीचा गर फुगतो. दाणे काढून टाकले की त्या जागचा गर वाढत नाही, हे निच या शास्त्रज्ञाने १९५० साली प्रयोगाने दाखवले. कीटकरोधक जाळीने बंद केलेल्या पॉलिहाऊसमध्ये माश्या येत नाहीत आणि फळे वेडीवाकडी होतात, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यास, फुले उमलू लागताच, सातेरी मधमाश्यांची पेटी आत ठेवावी लागते, आणि त्यानंतरच्या फवारण्या संध्याकाळीच कराव्या लागतात.

पाण्याचेही एक वेळापत्रक आहे. स्ट्रॉबेरी क्षारांच्या बाबतीत फळपिकांतील सर्वांत नाजूक पिकांपैकी एक असून जमिनीची क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की तिचे उत्पन्न घटू लागते. नीरा डाव्या कालव्याखालील आणि उजनीच्या पाणफुगवट्यालगतच्या अनेक उसाच्या रानांत क्षार वर आलेले आहेत, आणि विहिरींचे पाणी पावसाळ्यानंतर गोडसर असले तरी पाणी खोल जाईल तसे ते जड होत जाते. रोपाची कोवळी मुळे ऑक्टोबरात बसली तर त्यांना वर्षातले सर्वांत चांगले पाणी मिळते. जानेवारीत बसणाऱ्या मुळांना ते मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडून लोहाची कमतरता दिसते, म्हणून काही उत्पादकांना कोकोपीटच्या पिशव्या सोयीच्या वाटतात, मात्र तेथेही पाण्याची क्षारता पाठ सोडत नाही. माळेगाव खुर्द येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था ताप, क्षार आणि पाणीटंचाई यांसारख्या ताणांचा अभ्यास करते आणि त्याच परिसरात बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. माती-पाण्याची तपासणी लागवडीपूर्वी, निदान ऑगस्टमध्ये, करून घेण्याची सोय दाराशी असताना ती न करण्याला कारण उरत नाही.

बाजाराच्या बाजूने पाहता मैदानी उत्पादकाने एक गोष्ट मनाशी स्वच्छ ठेवावी, की लवकरच्या मालात तो महाबळेश्वरला मागे टाकू शकणार नाही. नोव्हेंबर अखेरचा चढा भाव पठाराचाच राहणार आहे, जानेवारी-फेब्रुवारीत तेथील मालाचा भर असल्यामुळे पुण्याच्या गुलटेकडी बाजारात भाव उतरणार आहेत, आणि एप्रिलची टंचाई मैदानाच्या आवाक्याबाहेर आहे. तरीही पुणे-सोलापूर महामार्गावर सकाळी तोडलेले फळ त्याच दिवशी सोलापूर, पंढरपूर, बारामती या जवळच्या बाजारांत ताजे पोहोचवणे शक्य आहे, आणि दोन दिवसांच्या प्रवासात मऊ पडणाऱ्या या फळाच्या बाबतीत ही जवळीक भावातील काही रुपयांपेक्षा मोठी ठरते. हा व्यवहार लहान क्षेत्रावरच जमतो. म्हणून ज्यांना या पट्ट्यात स्ट्रॉबेरी करायची आहे त्यांनी आधी एक हिवाळा आपल्याच शेडनेटमध्ये पिकाच्या उंचीवर कमाल-किमान तापमापी लावून ऑक्टोबर ते मार्चच्या नोंदी ठेवाव्यात, दुपार सलग पस्तीस अंश ओलांडू लागते तो आठवडा कोणता ते पाहावे, त्यापासून पाच महिने मागे मोजून आपली तारीख काढावी आणि पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांपेक्षा अधिक लावू नये.